प्रश्न विचारणाऱ्याचा धर्म

(कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे.)



आजच्या विषयाची सूचना आली, तेव्हा संयोजकांनी मला सांगितले की तरुणांच्या मनात एक प्रश्न वारंवार येतो. लोक दुसऱ्याच्या श्रद्धेवर बोट का ठेवतात? आमच्या देवांना, आमच्या व्रतांना, आमच्या ग्रंथांना कोणी ना कोणी सतत आव्हान देत असते. त्याला उत्तर कसे द्यावे? मी विषय स्वीकारला, पण त्यात एक छोटी भर घातली. ती अशी की, आपणही दुसऱ्याच्या श्रद्धेवर बोट ठेवतो, ते का? या दोन्ही प्रश्नांचा विचार एकाच ताजव्यात केल्याशिवाय या विषयाला न्याय मिळणार नाही.

आरंभ माझ्या एका जुन्या चुकीपासून करतो. विद्यार्थिदशेत मी पुण्यात एका वसतिगृहात राहत होतो. खोलीत माझ्यासोबत नगर जिल्ह्यातला एक ख्रिस्ती विद्यार्थी होता. शांत, अभ्यासू, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहिणारा. रात्री जेवणे झाली की आमची चार-पाच जणांची मंडळी जमायची आणि त्याला प्रश्न विचारायची. पाण्याचा द्राक्षारस कसा झाला? कुमारिकेला पुत्र कसा झाला? मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी कसा उठला? तो काही बोलू लागला, की आमच्यातला कोणी तरी पुढचा प्रश्न टाकायचा. आम्हाला वाटे, आपण धर्मकार्य करीत आहोत. एके रात्री त्याने पुस्तक मिटले आणि मला म्हणाला, “तू प्रश्न विचारतोस, पण उत्तरासाठी थांबत नाहीस. तुला नक्की काय हवे आहे?”

बंधूंनो, त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याचे पुढचे वाक्य मी शेवटी सांगेन. पण “तुला नक्की काय हवे आहे?” हाच आजच्या व्याख्यानाचा मुख्य प्रश्न आहे.

वाद, जल्प आणि वितंडा

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार सूक्ष्मपणे झालेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला वाद. यात दोन्ही बाजूंना सत्य हवे असते. हरलो तरी माझे अज्ञान गेले, म्हणजे मी जिंकलोच, अशी वृत्ती त्यामागे असते. दुसरा जल्प. येथे सत्यापेक्षा विजय महत्त्वाचा. शब्दांचा छल करावा, प्रतिपक्षाला कोंडीत पकडावे, हे सारे येथे चालते. तिसरी वितंडा. वितंडा करणाऱ्याला स्वतःचा असा पक्षच मांडायचा नसतो. समोरच्याचे मोडायचे, एवढेच त्याचे काम. ‘वितंडवाद’ हा शब्द आपण रोज वापरतो, तो येथून आलेला आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातही वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक संधाय संभाषा, म्हणजे मैत्रीने केलेली चर्चा, आणि दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे झुंजीची चर्चा. रोग्याचा जीव ज्याच्या हाती आहे त्या वैद्यालाही आपण कोणत्या वृत्तीने बोलतो आहोत याचे भान हवे, असे आपल्या शास्त्रकारांना वाटले. मग ज्या प्रश्नात माणसाचा आत्मा गुंतलेला आहे, तेथे ते भान किती हवे!

एक गोष्ट मात्र येथे नमूद करणे अगत्याचे आहे. न्यायसूत्रांनी जल्प आणि वितंडा यांना सरसकट त्याज्य ठरवलेले नाही. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी शेतकरी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतो, तसा तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग आहे, असा दृष्टांत तेथे दिला आहे. म्हणजे कुंपण लागते. परंतु कुंपण म्हणजे शेत नव्हे. नुसत्या काट्यांची शेती करणाऱ्याच्या घरी धान्य येत नाही.

आपल्या दर्शनग्रंथांतील पूर्वपक्षाची प्रथाही याच विचारातून आली. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचे, मग उत्तर द्यायचे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहाचा आरंभ कोणापासून होतो? चार्वाकापासून! वेद न मानणाऱ्या, परलोक न मानणाऱ्या चार्वाकाला पहिले पान दिलेले आहे. चार्वाकांचे मूळ ग्रंथ आज आपल्यापुढे जवळजवळ नाहीत. त्यांचे विचार आपल्याला कळतात ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांनी जपले म्हणून. विरोधकाच्या वहीत जो मनुष्य जिवंत राहतो, त्या विरोधकाच्या प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे.

प्रश्नामागे सत्ता उभी असते तेव्हा

पण सर्वच प्रश्न असे सत्यशोधनासाठी येत नाहीत. इतिहास आपल्याला दुसरे चित्रही दाखवतो.

गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. काही वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत ती संस्था टिकली. ‘इन्क्विझिशन’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘चौकशी’, म्हणजे प्रश्न विचारणे असा आहे. प्रश्न विचारणारा आसनावर बसलेला आणि उत्तर देणारा बंदिवान. साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास उद्ध्वस्त झाली. लोकांनी आपल्या देवांच्या मूर्ती रातोरात खाड्या ओलांडून दुसऱ्या मुलखात नेल्या. आज फोंडा परिसरातील मंदिरांत गेलात, तर तेथील अनेक देव मूळचे कोठले, हे पुजारी तुम्हाला सांगतील. त्याच गोमंतकात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये मराठी ओवीत ख्रिस्तपुराण छापले. त्या माणसाचे मराठीवरचे प्रेम खरे होते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु ज्या काळात हिंदूला आपल्या गावात उघडपणे पूजाही करता येत नव्हती, त्या काळात धर्माविषयीची चर्चा बरोबरीची होती असे म्हणता येणार नाही. प्रश्न विचारण्याचा अधिकार एकाच बाजूला असेल, तर त्याला वाद म्हणत नाहीत.

ब्रिटिश काळात चित्र थोडे पालटले. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांचा मार्ग मोकळा झाला. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांनी मराठी आणि संस्कृतचा अभ्यास केला आणि हिंदू धर्मावर जाहीर प्रश्न विचारण्यास आरंभ केला. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर या शास्त्र्यांनी त्यांच्याशी जाहीर वाद केला व ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. विल्सन यांनी त्याला पुस्तकाने उत्तर दिले, त्याला पुन्हा आपल्याकडून उत्तर गेले. पुस्तकाला पुस्तक, हा क्रम सुरू झाला. येथेही पारडे समान नव्हते. एका बाजूला राज्यकर्त्यांचा धर्म आणि त्या धर्माच्या शाळा होत्या, तर दुसऱ्या बाजूला दक्षिणेवर जगणारे शास्त्री. पण निदान बोलण्याची मुभा दोघांना होती, आणि आमच्या शास्त्र्यांनी ती सोडली नाही.

विल्सन यांना काय हवे होते? त्यांना केवळ साम्राज्याचे हस्तक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते खरे वाटत नाही. बुडणाऱ्याला वाचवावे तसे आपण या लोकांना वाचवतो आहोत, अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती. पण मी आपल्याला विचारतो, ज्याला तुम्ही बुडणारा समजता, त्याचे म्हणणे तुम्ही ऐकाल का? त्याचा हात धरून ओढाल. करुणेच्या पोटी विचारलेला प्रश्नही असा बहिरा असू शकतो. समोरचा किनाऱ्यावर आहे की पाण्यात, हे त्यालाच विचारावे लागते.

समुद्रकिनाऱ्यावरील गुरुवार

या पार्श्वभूमीवर विष्णुबावा ब्रह्मचारी यांचे स्मरण केले पाहिजे. मूळ नाव विष्णु भिकाजी गोखले. जन्म १८२५ चा, कोकणातला. घरची गरिबी. जकात खात्यात नोकरी केली, ती सोडली, सप्तशृंगीच्या डोंगरावर तप केले आणि १८५६ मध्ये ते मुंबईत आले. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत दर गुरुवारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांची आणि मिशनऱ्यांची जाहीर चर्चा होत असे. वर्ष लक्षात घ्या, १८५७! उत्तरेत वणवा पेटत होता आणि येथे वाळूवर बसून माणसे ईश्वर, पाप, पुनर्जन्म यांवर सवाल-जवाब करीत होती. या चर्चेचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने इंग्रजीत प्रसिद्ध केला आणि पुढे मराठीतही ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने पुस्तक निघाले.

विष्णुबावांनी समोरून येणाऱ्या प्रश्नांना केवळ उत्तरे दिली नाहीत, त्यांनी उलट प्रश्न विचारले. तोपर्यंत आमचा समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. विष्णुबावांमुळे दोन्ही बाजू एकाच वाळूवर बसल्या. ऐकणाऱ्या सामान्य माणसाच्या मनातला न्यूनगंड त्यामुळे किती ओसरला असेल, याची कल्पना आज आपल्याला येणार नाही. न्यायसूत्रांच्या भाषेत सांगायचे तर हे कुंपण होते, आणि त्या काळी ते अत्यावश्यक होते.

परंतु विष्णुबावा कुंपणापाशी थांबले नाहीत. १८५९ मध्ये त्यांनी ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ लिहिला. आपला धर्म काय नाही, हे सांगून न थांबता तो काय आहे, हे सांगण्याचा तो प्रयत्न होता. १८६७ मध्ये ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून सर्व प्रजा एका कुटुंबासारखी कशी नांदेल, याचे चित्र त्यांनी रेखाटले. त्यांची सगळी मते आज आपण स्वीकारणार नाही. पण ज्याच्याजवळ स्वतःचे शेत आहे, त्यालाच कुंपण घालण्याचा अधिकार आहे, हे त्यांच्या चरित्रातून शिकावे.

प्रश्न विचारता विचारता

आता एक कमी ज्ञात असलेला प्रसंग सांगतो. जॉन म्यूर नावाचे कंपनी सरकारचे एक अधिकारी होते. त्यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ चक्क संस्कृत श्लोकांत, गुरुशिष्य संवादाच्या रूपात लिहिला. खरा धर्म कसा ओळखावा, त्याच्या कसोट्या कोणत्या, हे सांगून त्यांनी निकाल ख्रिस्ती धर्माच्या बाजूने दिला. या ग्रंथाला तीन हिंदू पंडितांनी संस्कृतातून उत्तरे दिली.

पहिले उत्तर ‘सोमनाथ’ या नावाने आले. अभ्यासकांच्या मते हे सोमनाथ म्हणजे सिहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू. या गृहस्थांनी १८३६ मध्ये मराठीत ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ लिहून पुराणांतील भूगोल, आपल्या ज्योतिषसिद्धांतांचा भूगोल आणि कोपर्निकसचे मत यांची तुलना केली होती. म्हणजे परक्याला उत्तर देण्यापूर्वी त्यांनी घरातल्या समजुतींनाही प्रश्न विचारले होते. म्यूर यांना दिलेल्या उत्तरात त्यांचा स्वर संयमी आहे. ईश्वराने वेगवेगळ्या माणसांना त्यांच्या अधिकाराप्रमाणे वेगवेगळे मार्ग दिले, अशी त्यांची भूमिका होती. दुसरे उत्तर बंगालच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचे, ते तिखट होते. तिसरे उत्तर सर्वांत विस्तृत, काशीच्या नीलकंठशास्त्री गोरे यांचे ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, १८४४-४५ मधले. विशीच्या आतबाहेरचा हा चित्पावन तरुण. निष्पाप प्राण्यांना दुःख का? एकच जन्म असेल तर जन्मतःच कोणी आंधळा का? त्याचे प्रश्न तीक्ष्ण होते.

आणि पुढे काय झाले? १८४८ मध्ये हेच नीलकंठशास्त्री ख्रिस्ती झाले. पुढे त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून हिंदू दर्शनांवर टीका केली. त्यांच्या प्रभावामुळे इतरही काही जण त्या वाटेने गेले. पंडिता रमाबाईंवरही त्यांच्या लेखनाचा परिणाम झाला. दुसरीकडे जॉन म्यूर यांचे काय झाले? ज्या संस्कृत ग्रंथांना खोडून काढण्यासाठी ते वाचू लागले, त्यांच्याच संकलनाला त्यांनी आयुष्य वाहिले. संस्कृत मूलग्रंथांतील उताऱ्यांचे पाच खंड त्यांनी प्रसिद्ध केले आणि एडिंबरा विद्यापीठात १८६२ मध्ये संस्कृतचे अध्यासन स्थापन करण्यासाठी स्वतःचा पैसा दिला. उत्तरायुष्यात त्यांचा सूर बराच मवाळ झालेला दिसतो.

हा प्रसंग ऐकून आपल्यापैकी काहींना अस्वस्थ वाटेल. मलाही वाटले होते. गोरे यांचे जाणे हे आपले नुकसान, असेच मी मानतो. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जो खरोखर प्रश्न विचारतो, तो स्वतःही पणाला लागलेला असतो. दुसऱ्याच्या घरात दिवा घेऊन शिरलात, तर तुमचाही चेहरा उजेडात येतो. ही जोखीम ज्याला नको आहे, त्याने प्रश्न विचारू नये. आणि आपल्या धर्मावर ज्याचा विश्वास आहे, त्याने या जोखमीला भिऊ नये.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणून आपल्याकडे त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पण ख्रिस्ती झाल्यावर त्या मुकाट बसल्या नाहीत. चर्चच्या सिद्धांतांविषयी, तेथील अधिकाऱ्यांच्या हुकमतीविषयी त्या पत्रांतून आपल्या गुरुस्थानीच्या जोगिणीशी वर्षानुवर्षे वाद घालीत राहिल्या. शास्त्र्याच्या घरातली प्रश्न विचारण्याची सवय त्यांनी धर्म बदलला तरी टाकली नाही.

भय आणि चेष्टा

प्रश्नांची आणखी दोन उगमस्थाने आहेत, त्यांचाही उल्लेख केला पाहिजे.

एक भय. आपली संख्या घटेल, आपली मुले दुरावतील, आपल्या श्रद्धेचा पाया आपल्यालाच नीट ठाऊक नाही, असे मनात खोलवर वाटू लागले की माणूस दुसऱ्याच्या पायावर घाव घालतो. त्याचे घर हलले, तर आपले स्थिर वाटेल, हा भ्रम! आपल्या मुलाने विचारले, “आई, एकादशीला उपास का?” आणि आपल्याला सांगता आले नाही, तर चिडून आपण काय म्हणतो? “त्या लोकांना विचार की, ते रोजे का धरतात!” मुलाच्या प्रश्नाला हे उत्तर झाले का? मुलाला एकादशी कळली नाही आणि रोजाही कळला नाही. त्याला कळले ते एवढेच, की आईला उत्तर येत नाही.

दुसरे उगमस्थान चेष्टा. हल्ली प्रत्येकाच्या हातात भ्रमणध्वनी आहे. कोणाच्या तरी देवाचे, प्रेषिताचे, प्रार्थनेचे विडंबन येते आणि ते पुढे ढकलायला क्षण पुरतो. ज्याने ते रचले त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते, खरेखोटे तपासलेले नसते. हे वितंडेच्याही खालचे आहे. वितंडा करणाऱ्याला निदान समोरच्याचा ग्रंथ वाचावा लागे!

कायद्यानेही या दोन गोष्टींत अंतर ठेवले आहे. चौकस बुद्धी आणि वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे १९७६ पासून राज्यघटनेने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. त्याच वेळी द्वेषबुद्धीने, जाणूनबुजून धर्मभावना दुखावणे हा १९२७ पासून गुन्हा आहे. पूर्वी तो दंडसंहितेच्या २९५-अ कलमात होता, २०२४ पासून न्याय संहितेच्या २९९ व्या कलमात आहे. हेतू कोणता, यावर सारे अवलंबून. पण न्यायालयात जाण्याआधी हा हेतू प्रत्येकाने स्वतःच्या मनात तपासावा. आणि हेही स्पष्टपणे सांगतो की प्रश्न कितीही कडवट असला, तरी विचारणाऱ्यावर हात उगारणारा माणूस वाद हरलेला असतो. ज्या परंपरेने चार्वाकाला पहिले पान दिले, तिच्या नावाने असे कृत्य करणे हा त्या परंपरेचाच अपमान आहे.

पैठणचा संवाद

मग वाद करावा कसा? याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जायला नको. पैठणला जाऊ या. सोळाव्या शतकात नाथमहाराजांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिला. राज्य सुलतानांचे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर त्याच राज्यात अधिकारी. अशा काळात नाथ एक हिंदू आणि एक तुर्क समोरासमोर उभे करतात. तुर्क आमच्या देवांच्या कथांवर बोट ठेवतो. हिंदू विचारतो, देव सर्वत्र असेल तर एकाच दिशेला तोंड का करता? दोघेही हातचे राखून बोलत नाहीत. भाषा कधी कधी इतकी रोखठोक होते, की आज ती छापताना संपादक दहा वेळा विचार करील! आणि शेवट काय होतो? दोघे एकमेकांना नमस्कार करतात, आलिंगन देतात.

नाथांनी दोघांचेही प्रश्न लिहिले, हे महत्त्वाचे. आपल्या देवांविषयीचे बोचरे प्रश्न त्यांनी स्वतःच्या लेखणीने लिहिले, सौम्य केले नाहीत. ज्या नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ज्यांची भागवतनिष्ठा निर्विवाद, त्यांना हे धैर्य झाले. श्रद्धा जितकी खोल, तितके समोरच्याचे ऐकण्याचे बळ अधिक.

त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात वाणीच्या संयमाचा उपदेश केला. अकारण आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो, असा त्याचा आशय आहे. गिरनारच्या खडकावर तो लेख आजही आहे.

वेदनेतून आलेला प्रश्न

आता वसतिगृहातल्या माझ्या मित्राचे ते पुढचे वाक्य सांगतो. तो म्हणाला, “पाण्याचा द्राक्षारस कसा झाला, हे तुम्ही रोज विचारता. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीचे पाणीच मिळत नव्हते. ते मिशनच्या विहिरीवर गेले. त्यांना पाणी का मिळत नव्हते, हा प्रश्न तुमच्यापैकी कोणी कधी विचारला का?”

खोलीत कोणी बोलले नाही.

बंधू-भगिनींनो, प्रश्नांचा हा शेवटचा आणि सर्वांत गंभीर प्रकार, वेदनेतून आलेला प्रश्न. तो बहुधा घरातूनच येतो. चोखोबांनी तो देवळाबाहेर उभे राहून विचारला. महात्मा फुल्यांनी तो कठोर शब्दांत विचारला. त्याच फुल्यांनी १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त असे कुटुंब कल्पिले, की ज्यातील प्रत्येक माणूस आपल्याला पटेल तो धर्म मानील आणि तरीही सर्व जण प्रेमाने एकत्र राहतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला तळ्याच्या पाण्याचा प्रश्न विचारला. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी विचारला. पाच वर्षे ते दार उघडले नाही. १९३५ मध्ये त्यांनी येवल्यात आपला निर्णय जाहीर केला, आणि १९५६ मध्ये नागपूरला तो अमलात आला. वर्षे मोजा. येवला आणि नागपूर यांत एकवीस वर्षे होती. आमच्या समाजाला उत्तर देण्यासाठी एवढा अवधी मिळाला होता.

आपली माणसे का गेली, असे आपण विचारतो. कोणी आमिष दाखवले, कोणी फसवले, हे काही ठिकाणी खरेही असेल. फसवणुकीचा प्रतिकार झालाच पाहिजे. परंतु ज्याचा प्रश्न आपण ऐकलाच नाही, त्याला दुसऱ्या कोणी उत्तर दिले, तर प्रथम दोष कोणाचा? परधर्मीयांच्या विहिरीकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या विहिरीचा रहाट सर्वांसाठी फिरतो आहे का, हे पाहावे लागेल. समरसतेचे कार्य करणाऱ्या कार्यकर्त्याला हे मी वेगळे सांगायला नको.

पथ्ये

समारोपाकडे येताना चार पथ्ये सांगतो. वयाने आलेला तेवढा अधिकार आपण मला द्याल, अशी आशा आहे.

पहिले पथ्य, आधी वाचा. समोरच्याचे मत इतके चांगले मांडा, की तो म्हणेल, “होय, मला हेच म्हणायचे आहे.” हा आपला पूर्वपक्ष. तो साधला नाही, तर उत्तरपक्ष मांडण्याचा अधिकार नाही.

दुसरे, तुलना करताना माप एकच ठेवा. आपले उपनिषद आणि त्यांचा दंगेखोर, अशी तुलना करू नका. उपनिषदाची तुलना त्यांच्या सर्वोत्तम ग्रंथाशी करा आणि आपल्या गावगुंडाची त्यांच्या गावगुंडाशी. हाच न्याय आपण त्यांच्याकडूनही मागू, आणि ठामपणे मागू.

तिसरे, जो प्रश्न स्वतःला विचारलेला चालणार नाही, तो दुसऱ्याला विचारू नका. आणि विचारलात, तर उत्तरासाठी थांबा.

चौथे, प्रसंग पाहा. ज्याच्या घरी सुतक आहे, जो एकटा आहे, जो आपल्या हाताखाली काम करतो, जो आपल्या वर्गात शिकतो, अशा माणसाच्या श्रद्धेची परीक्षा घेऊ नका. तेथे तुम्ही आसनावर असता आणि तो खाली. त्याचे मौन म्हणजे तुमचा विजय नव्हे.

घरी गेल्यावर मुलांनी प्रश्न विचारला, तर रागावू नका. नचिकेत्याने यज्ञात म्हाताऱ्या गाई दान देणाऱ्या स्वतःच्या पित्याला प्रश्न विचारला, म्हणूनच कठोपनिषद आपल्याला मिळाले. पित्याने रागाच्या भरात त्याला यमाकडे धाडले. यमाने मात्र त्याला तीन रात्री ताटकळत ठेवल्याबद्दल वर दिले आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरे दिली. घरच्यांनी मुलाला उत्तर द्यावे, यमावर ती पाळी येऊ नये, एवढीच विनंती.

माझा तो मित्र पुढे शिक्षक झाला. आमचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत होता. धर्माविषयी आम्ही शेवटपर्यंत सहमत झालो नाही, पण एकमेकांना प्रश्न विचारणे आम्ही सोडले नाही, आणि उत्तरासाठी थांबायला मी शिकलो. काही वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या आजोबांच्या विहिरीविषयीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मी त्याला देऊ शकलो नाही. ते एकट्याने देण्याचे उत्तरही नव्हे. ते आपण सर्वांनी मिळून, आपापल्या गावात, कृतीने द्यायचे आहे.

आता प्रश्न विचारा, मी थांबतो.